खिंडीतल्या पिशव्या

१

सकाळची गाडी खिंडीत शिरली तेव्हा चावीदादा रुळांपासून दूर सरून, हिरवं निशाण धरून उभा होता. गाडी निघून गेली तेव्हा तो बाजूच्या चरात पडलेला होता आणि त्याला काही दिसत नव्हतं.

इस्पितळात शुद्ध आली ती ओठांवर पडणाऱ्या पाण्यानं. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. कुणीतरी चमच्यानं पाणी पाजत होतं.

“मीच आहे दादा,” धाकटा म्हणाला. “बोलू नकोस. गप पडून राहा.”

रूळ जागच्या जागी घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत रोज आपला टप्पा पायी तपासायचा, हे त्याचं काम. म्हणून त्या लाइनीवर सगळे त्याला चावीदादाच म्हणत. पुलाच्या अलीकडचा टप्पा त्याचा. पुलापलीकडचा, खिंडीतून फाटकापर्यंतचा, धाकट्या भावाचा. बाप गेला तेव्हा धाकटा एवढासा होता. चावीदादानं त्याला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, साहेब लोकांचे उंबरे झिजवून स्वतःच्या शेजारचा टप्पा मिळवून दिला. एकाच घराच्या दोन खोल्यांत दोघांचे संसार आणि मागचं परस सामाईक. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. कोणता भाऊ, ते कुणी विचारत नसे. दोघांनाही ते लागू होतं.

डॉक्टर आले. त्यांचा आवाज तरुण होता, पण बोलणं आडपडदा न ठेवता.

“उजवा डोळा गेलाय. डाव्याचं पट्टी सोडल्यावर कळेल. काचेनं जखमा केल्या, पण खरा घात केला तो डोळ्यात गेलेल्या औषधानं. फरशी पुसायचं काहीतरी तिखट औषध होतं. लगेच पाण्यानं धुतलं असतं, लवकर आणलं असतं, तर उजवाही वाचला असता कदाचित.”

“लवकर म्हणजे किती लवकर हो?” धाकट्याला हुंदका फुटला. “गाडी गेली आणि मी उचललाच की याला!”

चावीदादाच्या बायकोनं त्याला जवळ घेतलं असावं, कारण त्याचा आवाज पदरातून आल्यासारखा दबका झाला. “काय सांगू वहिनी... निवांत उभा होता गं बिचारा. डाव्या हातात निशाण, उजव्या हाताचं बोट तोंडात, लहान पोरासारखा. आणि एकदम उडालाच...”

“पुरे भाऊजी. डोळ्यांसमोर आणू नका ते.”

चावीदादानं चाचपडत हात पुढे केला आणि भावाचं डोकं थोपटलं. स्वतःपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत होतं त्याला.

दुपारी एक बाई आल्या. रेल्वेच्या चौकशी खात्यातल्या. बुटांचा एक तळवा चालताना कुरकुरायचा, त्यावरून पुढे त्या दारात आल्या की चावीदादा ओळखायला लागला.

“दादा, मी खिंडीत जाऊन आले,” त्या खुर्ची ओढत म्हणाल्या. “तुम्हाला काय लागलं ते शोधायला. पण तिथं काहीच नाहीये. काच नाही, कपटा नाही. तुम्ही पडलात ती जागा कुणीतरी झाडून काढावी तशी स्वच्छ आहे.”

२

चावीदादाला आठवत होतं ते असं. जांभळासारखं काळं काहीतरी अंगावर आलं. तोंडावर फुटलं. आंबलेलं अन्न, काच आणि लिंबाचा उग्र वास. मग चरातलं गार पाणी. मग बराच वेळ नुसता अंधार, आणि त्या अंधारात कुठंतरी जवळच सळसळ.

“कसली सळसळ?”

“प्लास्टिकची. कुत्रं असेल, उष्ट्याच्या वासानं आलेलं.” तो थबकला. “मी कुणाला तरी हाक मारली. म्हणजे मारली, की मारावीशी वाटली, ते नाही सांगता येत. मग मालगाडीची धडधड. मग धाकट्यानं उचललं.”

“काळी पिशवी. काच, अन्न आणि फरशीचं औषध एकत्र.” बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “म्हणजे डब्यातला कचरा. दादा, कचरा गाडीतून कसा उतरायला हवा, माहीत आहे ना? ओला वेगळा, सुका वेगळा. काच कागदात गुंडाळून, वर खूण करून. औषधाचे डबे तर निराळेच. पिशव्यांची तोंडं बांधायची आणि शेवटच्या स्टेशनात ढकलगाडीवर ठेवायच्या, म्हणजे पुढं हात घालणाऱ्याला इजा होत नाही. सकाळच्या गाडीची सफाई तर सगळ्यांना नमुना म्हणून दाखवतात. मुकादम शपथेवर सांगतोय, चालत्या गाडीतून त्याची माणसं काडीसुद्धा टाकत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी तो मुकादम स्वतःच आला. फळं घेऊन. बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना पाहून तो जरा अडखळला, पण मग त्यानं चावीदादाचा हात दोन्ही हातांत घेतला.

“दादा, जिवावरचं डोळ्यावर निभावलं म्हणायचं. काय एकेक उतारू असतात! भिरकावली असेल कुणीतरी बाटली. अक्कल गहाण टाकूनच चढतात गाडीत.”

चावीदादानं त्याचा हात सोडला नाही. उलट नाकाजवळ नेला.

“तुमच्या हाताला वास चांगला येतोय हो.”

“लिंबाचा ना?” मुकादम खुलला. “आमचं फरशीचं औषध. कंत्राटदारानं खास बनवून घेतलंय. दुसऱ्या कुठल्या गाडीत हा वास यायचा नाही, पैजेवर सांगतो!”

“उतारूंना वाटता का ते?”

“छे! उतारूंना कशाला? कुलपात असतं.”

“मग माझ्या तोंडावर फुटलेल्या पिशवीत ते कसं आलं?”

मुकादमाचा हात घामेजला, ते चावीदादाला तळव्यावर कळलं. नको तिथं फुशारकी मारून तो आपल्याच पायावर धोंडा पाडून बसला होता.

बाईंनी दार लोटून घेतलं. मग मुकादम हळूहळू उलगडत गेला. माणसं कमी. कचरा निवडायला वेळ लागतो. शेवटच्या स्टेशनात गाडी अडकून राहिली की कंत्राटदार डोक्यावर बसतो. म्हणून नीटनेटक्या, बांधलेल्या थोड्या पिशव्या दाखवायला ठेवायच्या आणि उरलेल्या न निवडताच आधी खिंडीत सोडून द्यायच्या. तिथं वस्ती नाही, कुणाला लागायचं नाही.

“आणि हा माणूस?” बाईंचा आवाज चढला. “हा दिसला नाही?”

“दिसला ना, म्हणून तर...” मुकादमानं जीभ चावली. पण शब्द सुटले होते. “बाई, निशाण दिसलं की टाकायच्या, असं ठरलेलं होतं. निशाण दाखवणारा लगेच खडकाआड सरकतो. हे सरकलेच नाहीत.”

“कुणाशी ठरलेलं होतं?”

“मी माणूस ओळखत नाही. बिननावाच्या चिठ्ठीवर ठरलं सगळं. पळत्या गाडीतून कुणाचं तोंड दिसतं? वर्षभर निशाणच बघतोय मी.”

मग बुटाचा तळवा कुरकुरला. बाई पलंगाजवळ आल्या.

“दादा,” त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाजात कोरडेपणा होता, “निशाण तर तुम्हीच धरलं होतंत.”

३

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत झाली. डोळा ज्याचा गेला, त्याच्यावरच संशय.

“तुमचा टप्पा पुलाच्या अलीकडे,” बाई म्हणाल्या. “मग तुम्ही खिंडीत काय करत होतात?”

“एक चावी गंजून बसली होती. तेलाचा डबा धाकट्याकडे होता, तो आणायला पूल ओलांडून गेलो. तेवढ्यात गाडी आली. गाडी आली की निशाण धरायचं, हा नियमच आहे. मी काय, कुणीही धरलं असतं.”

“ठीक आहे. तुमच्या भावाला विचारते.”

धाकट्याला बोलावलं. तो आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. पायथ्याशी का उभा राहिला, उशाशी का नाही, हे चावीदादाला खटकलं, पण तेवढ्यापुरतंच.

“मी फाटकाकडे होतो,” धाकटा म्हणाला. “खिंडीच्या वळणाआड. त्यामुळे दिसलं काही नाही. गाडी गेल्यावर पोचलो, तर हा पडलेला. मग लगेच उचलून फाटकावर आणला.”

“आणि तेलाचा डबा?”

धाकट्यानं पलंगावरची चादर सारखी केली.

“डबा तर दादाकडेच असतो बाई. तो खिंडीत कशाला आला होता, ते... मला नाही माहीत.”

चावीदादाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. डोळे बांधले की कानही दगा देतात की काय! त्यानं भावाच्या दिशेनं मान वळवली. “अरे, परवाच नेलास ना तू? बिजागरीला लावायला?”

“डोक्याला मार लागलाय त्याच्या,” धाकटा बाईंना हलक्या आवाजात म्हणाला. “तुम्ही नका मनावर घेऊ.”

बाई गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की अहवाल त्यांना लवकर द्यावा लागेल, आणि जे समोर आहे तेच त्यात लिहिता येईल. म्हणजे नोकरी गेली, भरपाई गेली, आणि आयुष्यभराचं नाव मातीत. चावीदादाच्या बायकोचा संताप उफाळून आला. “भाऊजी, असं कसं हो बोललात? डबा तुम्हीच घेऊन गेला होता, मी दिला तुमच्या हातात!”

“वहिनी, मी गोंधळलो गं. मोठ्या साहेबांसमोर जीभ अडखळते माझी. उद्या सांगतो त्यांना.”

संध्याकाळी त्यानंच भावाला पेज भरवली. एकेक घास फुंकून, ओठ पुसून. चावीदादा तोंड उघडत होता, गिळत होता. चव लागत नव्हती.

उद्या उजाडला. धाकट्यानं बाईंना काहीच सांगितलं नाही.

४

त्या दिवशी फाटकवाली भेटायला आली. फाटकाचा दांडा वर-खाली करणं तिच्याकडे. आवाज मात्र कायम वरच.

“दादा, नशीब बघा तुमचं! मी मालगाडी सोडून फाटक उघडलं आणि तेवढ्यात तुमचा भाऊ तुम्हाला पाठुंगळी घेऊन आला. थोडा आधी आला असता, तर फाटक बंद, पलीकडचा भाजीचा टेम्पो अडकलेला. देवच धावला.”

चावीदादानं ऐकून घेतलं. तिनं आणलेली बिस्किटं घेतली, मुलांची चौकशी केली. ती गेल्यावर मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळची गाडी गेल्यावर मालगाडी यायला इतका वेळ लागे, की माणूस चहा करून, पिऊन, वर भांडी घासून मोकळा व्हावा. त्यानं आयुष्यभर त्या दोन गाड्यांमध्ये न्याहारी केली होती. धाकटा म्हणतो, गाडी गेली आणि उचललं. खिंडीपासून फाटक हाकेच्या अंतरावर. मग तो सगळा वेळ गेला कुठं?

उशिरा आला असेल. होतं असं. पण उशिरा आला असेल, तर...

पुढचा विचार मनात येऊ नये म्हणून त्यानं बायकोला हाक मारली.

“अगं, लाइनीच्या कडेनं बाटल्या वेचते ना, ती म्हातारी? तिला घेऊन ये. तिला म्हणावं, रागावणार नाही.”

बाटलीवाली आली ती भांडणाच्या तयारीनंच. पलंगाजवळ यायला तयार नव्हती, दारातूनच बोलली.

“मी नाही उचललं काही! तुझ्या अंगावर पडलं त्याला मी काय करू?”

“मावशी, मी कुठं म्हणतोय तू उचललंस? एवढंच सांग, खिंडीत पिशव्या पडतात हे तुला माहीत होतं ना? मग तू तिथं का जात नाहीस?”

“जात नाही?” म्हातारी तुच्छतेनं हसली. “गेले होते की. दगड मारून हाकललं मला. खिंडीला मालक आहे म्हणे. पुलापासून फाटकापर्यंत एक बाटली उचलायची नाही, उचलली तर पोलिसात देईन म्हणाला. दिवसाढवळ्या, सरकारी निशाण हातात घेऊन!”

“कोण म्हणाला?”

दारात पावलं घुटमळली. तिला दया आली असावी.

“बाबा, तू आंधळा आत्ता झालायस. मला का विचारतोस? घरात विचार.”

५

बायको पलंगावर त्याच्या पायाशी बसली होती. तिला रडू येत नव्हतं, आणि त्याचीच चावीदादाला जास्त भीती वाटली.

“एक विचारू?” तो म्हणाला. “त्या मुकादमाच्या हाताला लिंबाचा वास होता. तू होतीस तेव्हा बाहेर. पण माझे त्या दिवशीचे कपडे तू पाहिलेस ना?”

“पाहिले. वास आला. मला नवल नाही वाटलं.”

“का?”

“आपल्या परसात तोच वास असतो की. पत्र्याच्या शेडशी. जाऊबाई दुपारी बाटल्या निवडते तिथं. भाऊजी म्हणतात, बाजारातून गोळा करून आणतात. मी समजायची, ती शेड पुसून काढत असेल.” ती थांबली. “तुम्ही घरी येईपर्यंत सगळं पोत्यात भरून झालेलं असतं.”

बाहेर कुणीतरी बादली आपटली. मग चावीदादा म्हणाला, “बाईंना बोलाव. आणि त्यालाही.”

बाई आल्या. धाकटा आला, तो पेजेचा डबा घेऊन. त्यानं डबा स्टुलावर ठेवला, झाकण काढलं.

“झाकण लाव,” चावीदादा म्हणाला. “बाई, पिशवी टाकली कुणी, ते कळलंय. मुकादमाच्या माणसांनी. पण मुकादम गाडीत होता आणि गाडी खिंडीत थांबत नाही. म्हणजे पिशव्या उचलल्या त्या जमिनीवरच्या माणसानं. काच वेचून, कपटा न ठेवता. घाईचं काम नाही ते. सकाळची गाडी आणि मालगाडी, यांच्यामधला सगळा वेळ त्याला लागला असणार. बरोबर?”

“बरोबर,” बाई म्हणाल्या.

“बाटलीवालीला तिथं पाय ठेवू देत नव्हता तो. त्याच्या हातात निशाण असायचं. खिंडीत निशाण घेऊन फिरण्याचा हक्क एकाच माणसाला आहे.”

“दादा, काय बोलतोयस तू?” धाकट्याचा आवाज कोरडा पडला. “मी वळणाआड होतो. तू पडलास ते मी पाहिलंसुद्धा नाही!”

“मलाही तेच हवं होतं. रात्रंदिवस तेच घोकत होतो, की तू उशिरा आलास, तुला माहीत नव्हतं.” चावीदादा उठून बसला. बायकोनं मागं उशी सरकवली. “पण पहिल्याच दिवशी तू वहिनीला सांगितलंस, माझं बोट तोंडात होतं. गाडी येता येता मला काटा टोचला, म्हणून निशाण डाव्या हातात घेतलं आणि बोट तोंडात घातलं. हे मी कुणाला बोललो नव्हतो. बोलण्यासारखं होतंच काय त्यात? ते ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्यालाच माहीत. पाहिलंस, म्हणजे तू जवळ होतास. जवळ होतास, तर मालगाडी जाईपर्यंत मला उचललं का नाहीस? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील, तर त्याचा अर्थ एकच होतो.”

बाई उठल्या, पण त्याच्याकडे गेल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.

“मला वाटलं तू गेलास,” शेवटी तो म्हणाला. “खरंच सांगतो दादा. रक्त होतं सगळीकडं. म्हटलं, हा तर गेलाच, आता पिशव्या सापडल्या तर माझाही संसार जाईल. म्हणून आधी पिशव्या रुळाखालच्या मोरीत लपवल्या. नाहीतर मी तुला...”

“मी तुला हाक मारली.”

धाकट्यानं डब्याचं झाकण लावलं.

“त्या दिवशी बाईंना सांगताना मला खात्री नव्हती. आता आहे. कारण हाक मारल्यावर सळसळ थांबली. मला आठवतंय, ती थांबली. मी म्हटलं, आला. धाकटा आला.” त्यानं उशीला पाठ टेकली. “मग पुन्हा सुरू झाली.”

धाकटा भिंतीला घसरत खाली बसला, ते कापडाच्या आवाजावरून कळलं.

“पुलावरून तू येताना दिसलास,” तो गुडघ्यांत तोंड घालून बोलू लागला. “गाडीची शिट्टी झाली होती. तू नेमका तिथंच उभा राहिलास. ओरडावंसं वाटलं मला. पण ओरडलो असतो, तर तू विचारलं असतंस, का ओरडलास? काय सांगणार होतो? तू कधी कुणाची सुतळी घरी आणली नाहीस. तुझ्यासमोर उभं राहायचं म्हणजे... म्हटलं, एवढी मोठी खिंड, याच्याच अंगावर कशाला पडेल?”

“एक शब्द,” बायको म्हणाली. “एक शब्द ओरडायचा होता भाऊजी.”

“आणि निशाणाचं बालंट यांच्यावर आलं तेव्हा?” बाईंनी विचारलं. “तेव्हा तर संसार जाणारच नव्हता. फक्त भाऊ जाणार होता.”

कुंपणानंच शेत खाल्लं, तर शेतानं दाद मागायची कुणाकडे? चावीदादानं जबाब लिहून घ्यायला सांगितला. बाईंनी विचारलं, उद्या घेऊ का, शांतपणे? तो म्हणाला, उद्या मला दया येईल. आत्ताच घ्या.

६

जबाब झाला, आणि मग सगळं भराभर झालं. खिंडीतल्या मोरीत पिशव्या सापडल्या. काही जुन्या, उंदरांनी फोडलेल्या. परसातली शेड रेल्वेच्या माणसांनी उघडली. कंत्राटदाराचं काम गेलं, मुकादम गेला, धाकटाही कामावरून गेला. सकाळच्या गाडीचा कचरा आता दर मोठ्या स्टेशनात थोडा थोडा उतरवतात, निवडायला फलाटावर वेगळी माणसं ठेवली आहेत, आणि पिशव्या जिथून फेकत ती डब्यांची दारं गाडी चालू असताना कुलूपबंद असतात. चावीदादा बरा झाला की त्याला त्याच ढकलगाड्यांवर देखरेखीला घेणार होते. रूळ तपासायला दोन डोळे लागतात.

धाकट्याची बायको दोनदा इस्पितळात येऊन गेली. जबाब मागं घ्या म्हणाली. मुलांना मधे आणलं. चावीदादा म्हणाला, “मुलं माझ्या ताटात जेवतील, मोठी होईपर्यंत जेवतील. जबाब मात्र तसाच राहील.”

डाव्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा आधी नुसता पांढरा उजेड दिसला, मग त्यात डॉक्टर. आवाजावरून वाटले होते त्याहून बरेच वयस्क निघाले. चावीदादाला हसू आलं आणि बायको तोंडावर हात दाबून रडायला लागली.

“एका डोळ्यानं जवळचं-लांबचं कळायला वेळ लागतो,” डॉक्टरांनी बजावलं. “पायऱ्यांवर जपा. पायरी आहे तिथं वाटणार नाही, आणि नाही तिथं वाटेल. कुणाचा तरी हात धरूनच उतरायचं.”

घरी सोडलं त्या दिवशी बायको औषधं आणायला पलीकडच्या दुकानात गेली. “इथंच थांबा हं, मी आलेच,” म्हणाली. चावीदादा इस्पितळाच्या पायऱ्यांच्या वरच्या टोकाला कठड्याला टेकून उभा राहिला. ऊन होतं. माणसं येत-जात होती. कितीतरी दिवसांनी माणसांचे चेहरे दिसत होते, आणि तो ते अधाशासारखे बघत होता.

तेवढ्यात खाली धाकटा दिसला.

तो वाळला होता. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण नव्हतं. किती वेळ उभा होता कोण जाणे. भावाला बघितल्यावर तो दोन पायऱ्या वर आला आणि थांबला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार पायऱ्यांचं, कारण त्यानं काही न बोलता हात पुढं केला. तळवा वर, बोटं पसरलेली. लहानपणी चावीदादा ओढ्यावर त्याच्यासाठी धरायचा, अगदी तसाच.

“दादा, शिव्या दे,” तो म्हणाला. “मार हवं तर. पण हात धर. पडशील.”

चावीदादानं एक पाय पुढं टाकून बघितला. पायरी जिथं असेल असं वाटलं, तिथं नव्हती. पाय हवेतच लोंबकळला. त्यानं तो मागं घेतला. कठडा तिथंच संपत होता. पुढं आधाराला काही नव्हतं, फक्त तो हात होता.

मग चावीदादा खाली बसला. भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, वरच्या पायरीवर बूड टेकून बसला. दोन्ही तळवे दगडावर रोवले आणि पाय खालच्या पायरीवर सरकवले. मग अंग सरकवलं. मग पुन्हा पाय. एक बाई लेकराला घेऊन वर चढत होती, ती थबकून बघत राहिली. कुणीतरी “अहो, धरू का?” म्हणालं; त्यानं मान हलवली. धाकट्याच्या शेजारून जाताना त्याचा खांदा भावाच्या गुडघ्याला घासला. हात तसाच पुढे होता.

खाली पोचल्यावर चावीदादा उठला, लेंग्याची धूळ झटकली आणि बायको येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.